दार खोटे बोलते

मागच्या जूनमध्ये अलास्कातल्या कनिक नदीच्या पात्रातल्या गोट्यांच्या एका लांबट पट्ट्यावर मी विमान उतरवले आणि इंजिन बंद केले. प्रोपेलर थांबल्यावर जी शांतता एकदम पसरते, तिच्यातून नदीचा आवाज ऐकू यायला थोडा वेळ लागतो. तो ऐकू येईपर्यंत मागच्या आसनावरचे गृहस्थ खाली उतरलेही होते. चाके पहिल्यांदा जिथे टेकली तिथपर्यंत ते सावकाश चालत गेले, तिथल्या वाळूकडे वाकून पाहिले आणि मग चाकांनी उमटवलेल्या दोन रुंद पट्ट्यांच्या मधून पावले मोजत परत आले. "चौसष्ट," ते म्हणाले. हिवाळ्याआधी याच पट्ट्यावर, त्याच विमानाने, मला सत्त्याण्णव पावले लागली होती. सात महिने गोठलेल्या हँगरमध्ये घालवून मी जे काही केले होते, त्याचा हिशेब त्या एका आकड्यात आला होता आणि मला अतिशय आनंद झाला होता. त्यांनी मात्र विमानाच्या उजव्या बाजूला खाली लोंबणारा दाराचा अर्धा भाग तळहातावर घेतला, दोनदा वर-खाली हलवला आणि शांतपणे म्हटले, "दार आता खोटे बोलते." मग ते राखाडी पाण्यापाशी जाऊन हात धुऊ लागले. त्या दिवशी त्या विषयावर ते पुढे एक शब्दही बोलले नाहीत.

त्या वाक्याचा सल पुढे तीन आठवडे माझ्या मनातून गेला नाही.

पायपर कंपनीच्या सुपर कब या विमानाला उजव्या बाजूला एकच दार असते आणि ते आडवे दुभंगलेले असते. वरचा अर्धा भाग उचलून पंखाच्या खालच्या अंगाला अडकवायचा, खालचा अर्धा बिजागरीवर बाहेर सोडून द्यायचा. उन्हाळ्यात पुष्कळ जण दार असे उघडे टाकूनच उडतात. खालचा भाग मग विमानाच्या अंगाला लागून लोंबत राहतो. विमानाचा वेग कमी कमी करत नेला, नाक वर वर जाऊ लागले आणि पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन वाढत गेला की एका क्षणी हे लोंबते दार कोणीही हात न लावता वर तरंगू लागते. जुन्या विमानांत स्टॉलची, म्हणजे पंखावरची हवा सुटून उचल संपण्याची, सूचना देणारा भोंगा नव्हता, तेव्हा हे दार हाच भोंगा होता. दार वर आले की पंख आता हवा सोडणार, विमान हाकायची काठी पुढे द्या, एवढे समजून घ्यायचे. मला ही गोष्ट त्यांनीच पहिल्या आठवड्यात शिकवली होती. "वेगाच्या तबकडीकडे बघू नकोस, दाराकडे बघ," असे ते मागून सांगत. मागे बसलेल्या माणसाचा चेहरा या विमानात कधीच दिसत नाही. शिकवणाऱ्याचा फक्त आवाज असतो, आणि दोन्ही आसनांपुढच्या काठ्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे त्याच्या दोन बोटांचा अगदी हलका दाब तेवढा आपल्या तळहाताला कळतो.

त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. अलास्कात त्यांना सगळे, अगदी लहान मुलेसुद्धा, पहिल्या नावानेच हाक मारतात आणि मीही मारते. पण मराठीत लिहायला बसले की लेखणी आपोआप 'ते' लिहिते. त्यांना चौऱ्याऐंशीवे वर्ष लागले आहे. तारुण्यापासून त्यांनी शिकाऱ्यांना, भूगर्भशास्त्रज्ञांना, शिक्षिकांना, बाळंतपणासाठी निघालेल्या बायकांना आणि काही वेळा शवपेट्यांना घेऊन या प्रदेशाच्या कानाकोपऱ्यात उड्डाणे केली. दृष्टी अधू झाल्यावर त्यांचे वैद्यकीय प्रमाणपत्र गेले आणि तेव्हापासून ते दुसऱ्यांच्या मागच्या आसनावर बसतात. रस्ते जिथे पोहोचतच नाहीत अशा गावांच्या या प्रदेशात विमान हे चैनीचे वाहन कधीच नव्हते. बैलगाडीने आणि होडीने जी कामे करायची, ती इथे विमानाने केली. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात विमानाविषयी कौतुक फार कमी असते. अवजाराविषयी कारागिराला जी काळजी असते, ती मात्र प्रत्येक वाक्यात असते.

माझे विमान १९५२ साली कारखान्यातून बाहेर पडले. मी घेतले तेव्हा त्याचे पंख वेगळे काढून एका शेडच्या भिंतीला टेकवलेले होते आणि धडाच्या आत खारींनी घरटे केले होते. जुने कापड फाडून काढण्याचा दिवस मला अजून लख्ख आठवतो. वरचा पांढरा रंग, त्याखाली लाल, त्याखाली कारखान्याचा मूळ पिवळा, आणि कापड सांगाड्यापासून सुटताना येणारा तो जुन्या लाखेसारखा, किंचित गोडसर, डोक्यात चढणारा वास. कापड निघाल्यावर पोलादी नळ्यांचा तो सांगाडा इतका सडपातळ दिसला की यावर आपण जीव सोपवणार आहोत, या विचाराने मला खरोखर भीती वाटली. ते मात्र थेट शेपटीकडे गेले. या जातीचे विमान जमिनीवर शेपटी टेकून उभे असते, म्हणून नळ्यांच्या आत शिरलेले पाणी वर्षानुवर्षे मागच्या टोकाला साचते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा रंग शाबूत असतो आणि आतली नळी कागदासारखी झालेली असते. त्यांनी एक छोटी हातोडी घेतली आणि खालच्या दोन्ही लांब नळ्या पुढून मागे हलकेच ठोकत नेल्या. टण्, टण्, टण्, आणि मग एका ठिकाणी आवाज बद्द झाला. त्यांनी टोच्या टेकवून दाबला, तो आत गेला. "मडके घेताना वाजवून बघतात तसे," असे मी मनात म्हटले. हात डोळ्यांपेक्षा आधी ओळखतो आणि कान हातांपेक्षाही आधी, हे त्या दुपारी माझ्या समोर घडले. तो दोन फुटांचा तुकडा कापून नवी नळी जोडली, तिच्यात गरम जवसाचे तेल ओतून सांगाडा उलटासुलटा करून सगळीकडे फिरवले, उरलेले काढून टाकले आणि भोक बंद केले. हे काम पुढची कित्येक वर्षे कोणालाही दिसणार नाही, आणि संपूर्ण दुरुस्तीत मला सर्वांत जास्त समाधान याच कामाने दिले.

मग कापड. हल्ली सुती कापड वापरत नाहीत, पॉलिस्टरचे वापरतात. ते सैलसर चिकटवायचे आणि इस्त्रीने तापवून आक्रसवायचे. इस्त्रीचे तापमान तीन टप्प्यांत वाढवत नेतात आणि प्रत्येक टप्प्याला कापड अधिक ताठ होत जाते, सुरकुत्या डोळ्यांदेखत विरतात, आणि शेवटी बोटाने टिचकी मारली की डफासारखा आवाज येतो. त्यानंतर पंखाच्या प्रत्येक आडव्या बरगडीला ते मेणाच्या दोऱ्याने शिवायचे. लांब सुई वरून खाली, खालून दुसऱ्या माणसाने ती परत वर पाठवायची, प्रत्येक टाक्याला ठरलेली गाठ. प्रोपेलरच्या झोताच्या भागात टाके जास्त जवळ घ्यावे लागतात. पंखाच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ते, मध्ये कापडाची भिंत, आणि सुई आमच्यामध्ये येत-जात राहायची. नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळी, बाहेर चार वाजताच अंधार आणि आत हीटरची घरघर, त्यांनी मला सांगितलेल्या गोष्टी या टाक्यांच्या लयीत सांगितलेल्या आहेत. मी त्या आठवू लागले की मेणाचा वास आधी येतो.

इथपर्यंत आमचे दोघांचे एकमत होते. विमान मूळ होते तसे उभे करणे हा त्यांच्या दृष्टीने पूर्ण झालेला विचार होता. त्यापुढचे, दुसऱ्या हिवाळ्यातले, माझे होते. मला ते विमान अधिक छोट्या जागेत उतरणारे, अधिक हळू उडणारे, अधिक उचलणारे हवे होते आणि इथे या विमानासाठी असे बदल इतके मिळतात की निवडताना दमायला होते. मी १२५ अश्वशक्तीचे जुने इंजिन काढून १५० अश्वशक्तीचे बसवले. मोठा, कमी वळणाचा प्रोपेलर घेतला, कारण तो हळू वेगात हवा जास्त चावतो. प्रोपेलर मोठा म्हटल्यावर त्याचे टोक गोट्यांना लागू नये म्हणून पुढचे पाय लांब करणे आले, आणि पाय लांब झाले की जमिनीवर उभ्या विमानाचे नाक आणखी वर जाते, म्हणजे अधिक हळू उतरता येते. एकतीस इंची फुगीर टायर घातले, ज्यांत गाडीच्या टायरच्या मानाने नावापुरतीच हवा असते आणि जे नारळाएवढ्या गोट्यावरून नुसते दबून पुढे जातात. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेची खाली झुकवता येणारी झापे, रुंद केले. आणि शेवटी पंखांच्या पुढच्या कडेच्या किंचित मागे, साच्याने खुणा करून, नखाएवढ्या उभ्या पात्यांची रांग चिकटवली. ही पाती हवेत छोटे भोवरे उठवतात. ते भोवरे वरची वेगवान हवा खाली पंखाच्या पृष्ठभागाशी आणून घालतात आणि त्यामुळे एरवी पंख सोडून जाणारी हवा आणखी थोडा वेळ पंखाला धरून राहते. प्रत्येक बदलाचे मान्यतापत्र होते, प्रत्येकाची नोंद सरकारी अर्जावर झाली होती, परवानाधारक तपासनिसाने सह्या केल्या होत्या. कुठेही चोरटेपणा नव्हता.

वजनाच्या दिवशी मात्र हँगरमध्ये कोणी फारसे बोलले नाही. तीन तराजूंवर विमान उभे केले आणि आकड्यांची बेरीज केली तेव्हा रिकाम्या विमानाचे वजन आधीपेक्षा एकशे आठ पौंडांनी वाढलेले निघाले. कागदावरचे कमाल वजन होते तेवढेच राहिले होते. त्यांनी पेन्सिलने वहीच्या कडेला १०८ लिहिले, त्याला सहाने भागले आणि १८ या उत्तराभोवती गोल काढला. एक गॅलन पेट्रोल सहा पौंडांचे. या विमानाच्या प्रत्येक पंखात अठरा गॅलनची टाकी. लहान जागेत उतरता यावे म्हणून मी एक अख्खी टाकी, म्हणजे दोन तासांची वाट, खर्चली होती. मी घाईने म्हटले की मागची जुनी पिशवी काढून टाकू, तिच्यात वीस पौंड तरी असतील. त्यांनी ती पिशवी उघडून एकेक वस्तू बाकावर मांडली. कुऱ्हाड, सुरी, गळ आणि दोरा, काड्यापेट्या, डासांपासून बचावाची चेहऱ्यावरची जाळी, खुणेचे दिवे, आठवडाभराचे कोरडे अन्न. अलास्काच्या कायद्याने असे जीव वाचवणारे सामान विमानात असावेच लागते, आणि हिवाळ्यात आम्ही त्याच्यात बर्फावरून चालायची पादत्राणे, स्लीपिंग बॅग आणि लोकरी ब्लँकेट यांची भर घालतो. कायदा त्यांनी उच्चारला नाही. सगळे मांडून झाल्यावर त्यांनी ते त्याच क्रमाने परत भरले आणि मी काही बोलले नाही.

"तुम्ही कधी विमानात बदल केले नाहीत का?" असे मी एकदा थोड्या रागानेच विचारले होते.

त्यावर ते बराच वेळ जुन्या माणसांविषयी बोलत राहिले. या प्रदेशातल्या उड्डाणाची सुरुवातच मुळी बदलांनी झाली आहे. १९२४ च्या फेब्रुवारीत कार्ल बेन आयल्सन यांनी फेअरबँक्सहून मॅकग्राला टपाल नेले ते युद्धासाठी रचलेल्या डी हॅविलंड विमानाला स्की लावून. कुत्र्यांच्या गाडीला ज्या वाटेला कित्येक दिवस लागत, ती त्यांनी तीन तासांच्या आत कापली आणि परतताना अंधारात वाट चुकून उतरताना विमान मोडून घेतले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात नोएल वीन वणव्यांच्या धुरातून, रेल्वेचे रूळ डोळ्यांआड होऊ न देता, अँकरेजहून फेअरबँक्सला पोहोचले. पण मला हे सांगणाऱ्या या म्हाताऱ्यांचा खरा जीव होता तो बॉब रीव्ह यांच्यावर. १९३० च्या दशकात व्हॅल्डीझला राहून रीव्ह हिमनद्यांवरच्या खाणींना सामान पोहोचवत. उन्हाळ्यात वर हिमनदीवर उतरायला स्की हव्यात आणि खाली गावात तर बर्फाचा कण नाही. तेव्हा ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनाऱ्यावरच्या चिखलावरून ते स्कीवरच उड्डाण करत आणि चिखलाने स्की धरून ठेवू नये म्हणून त्यांनी त्यांच्या तळाला स्टेनलेस स्टीलचा पत्रा मारला होता. "त्यांनी स्की बदलली," ते म्हणाले, "पण वेळ समुद्राची पाळली. भरतीचे वेळापत्रक त्यांना पाठ होते. पत्रा लावला म्हणून चिखल कोरडा झाला नव्हता."

आणि मग त्यांनी वायली पोस्ट यांची गोष्ट सांगितली, जी इथे सगळ्यांनाच माहीत आहे आणि जी तरीही कोणी मोठ्या आवाजात सांगत नाही. १९३३ साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा हा पहिला वैमानिक. दोन वर्षांनी त्यांनी लॉकहीडच्या एका जातीच्या विमानाचे धड आणि दुसऱ्या जातीच्या विमानाचे पंख एकत्र केले, त्याखाली पाण्यावर उतरण्यासाठी मोठे तराफे लावले, आणि प्रसिद्ध अमेरिकी विनोदी लेखक आणि नट विल रॉजर्स यांना घेऊन अलास्कात आले. जोडून तयार झालेले ते विमान नाकाकडे जड होते. इंजिन चालू असेपर्यंत ते सांभाळले जात होते. १५ ऑगस्ट १९३५ रोजी पॉइंट बॅरोजवळच्या उथळ पाण्यावरून उडताच इंजिन बंद पडले, नाक खाली गेले आणि दोघेही गेले. सुई पंखातून माझ्याकडे आली, मी ती परत पाठवली. "प्रत्येक भाग चांगलाच होता," कापडाच्या पलीकडून ते म्हणाले.

त्यांच्याकडून मी जे शिकले ते बहुतेक हळूपणाचे शिक्षण होते. नदीपात्रात उतरायचे तर पहिली फेरी फक्त वाऱ्यासाठी. विलोच्या झुडपांची पाने उलटून फिकट दिसत असतील तर वारा कुठून आहे हे कळते, आणि वळणावरच्या पाण्यावरचे तरंग त्याला दुजोरा देतात की नाही ते पाहायचे. दुसरी फेरी खालून, कडेने, उन्हाच्या समोरून. ज्या गोट्याची सावली वेगळी दिसते तो चाकाला मोठा आहे असे समजायचे, आणि जी वाळू तिच्या शेजारच्या वाळूपेक्षा काळी आहे ती ओली आहे. तिसऱ्या फेरीत चाके हलकेच टेकवायची, वजन पंखांवरच ठेवायचे, वेग सोडायचा नाही, आणि जमिनीने चाकांना किती धरले ते अंगाने ऐकून परत उचलायचे. पोहताना आधी पायाचा अंगठा पाण्यात घालावा तसे ते असते. हिमनदीच्या पाण्यावर वाहणाऱ्या नद्या उन्हाळ्यात दुपारनंतर फुगतात, म्हणून सकाळी उतरलेला पट्टा संध्याकाळी तेवढाच असेल असे धरायचे नाही. दरीत शिरताना मधून जायचे नाही, एका कडेने जायचे, म्हणजे वळून परतायला सगळी दरी मोकळी राहते. थंडीत दिवस संपला की इंजिनातले तेल गरम आहे तोवर डब्यात काढून घ्यायचे आणि तो डबा आपल्याबरोबर शेगडीजवळ झोपवायचा. सकाळी विमानाच्या नाकावर गोधडी टाकून तिच्याखाली स्टोव्ह लावायचा आणि तो पेटता असेपर्यंत तिथून एक मिनिटही हलायचे नाही, कारण लघवीला गेलेल्या माणसांची विमाने जळालेली त्यांनी पाहिली आहेत.

एका गोष्टीविषयी ते फक्त एकदाच बोलले. मूस, म्हणजे हरणाच्या कुळातला इथला प्रचंड प्राणी, दिसला, की खाली बघत त्याच्याभोवती घिरट्या घालणारा वैमानिक नजर प्राण्यावर ठेवतो, वारा त्याला बाजूला ढकलतो, तो जागा सुटू नये म्हणून वळण आवळतो, आणखी आवळतो, स्वतःच्याच विमानाने ढवळलेल्या हवेत परत येतो, आणि पंख सोडतात तेव्हा खाली उंचीच उरलेली नसते. या अपघाताला इथे मूसचेच नाव आहे. त्यांचा एक मित्र असा गेला. "त्याला दारही होते आणि ते वर आलेही असेल," ते म्हणाले, "पण तो खिडकीतून बघत होता."

तर तीन आठवड्यांनी मी त्यांच्याकडे गेले आणि दार खोटे बोलते म्हणजे काय ते मला दाखवा असे सांगितले. त्यांनी कोट चढवला. बहुधा ते याच प्रश्नाची वाट पाहत होते. तीन हजार फुटांवर, मॅटनुस्का खोऱ्यातल्या शेतांवर संध्याकाळचे तिरपे ऊन पसरलेले असताना, त्यांनी मला वेगाच्या तबकडीवर कागद चिकटवायला लावला आणि विमान सावकाश हळू करत न्यायला सांगितले. दार उघडे होते. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद, थोडे, फ्लॅप पूर्ण, नाक वर, आणखी वर. एका क्षणी दाराचा खालचा भाग जागा झाल्यासारखा हलला आणि तरंगत वर आला. सवयीने माझा हात काठी पुढे देऊ लागला, तोच मागून त्यांच्या दोन बोटांनी ती धरली. "थांब. ऐक." पूर्वी याच्या पाठोपाठ काठीत आणि पायाखालच्या फळीत एक थरथर येत असे आणि नाक स्वतःहून खाली पडत असे. आता काहीच झाले नाही. नाक आकाशात होते, समोर निळ्याशिवाय काही दिसत नव्हते, काठी सैल आणि आज्ञाधारक होती, विमान अगदी शांत होते. ती शांतता मला फार सुखाची वाटली. "उंची बघ," ते म्हणाले. उंचीचा काटा विहिरीत सोडलेल्या दोरासारखा खाली चालला होता. विमान पडत नव्हते, ते बसत चालले होते, एखादा दमलेला माणूस खुर्ची आहे की नाही ते न बघता मागे बसतो तसे, आणि त्याची कोणतीही खूण माझ्या अंगाला कळलेली नव्हती.

मी चिकटवलेल्या पात्यांनी पंख बदलला होता. दार जुन्या पंखाचेच राहिले होते. ते अजूनही इमानदारीने १९५२ च्या पंखाची मर्यादा सांगत होते, आणि नवा पंख त्या मर्यादेच्या पलीकडे कुठेतरी, काही न सांगता, संपत होता. चौसष्ट पावलांच्या उतरणीत मी दार वर आल्यानंतरही काठी मागे घेतली होती, कारण पंख धरून आहेत असे मला वाटत होते. ते धरून होतेही, पण शेवटच्या क्षणी त्यांनी किती सोडले होते हे मला ठाऊक नव्हते, आणि मोठ्या टायरांनी ते गिळून टाकले म्हणून ते मला कळलेही नाही. त्यांना ते मागच्या आसनावर कळले होते. कसे, असे मी विचारले तेव्हा त्यांनी मानेच्या मागे हात नेला. पंखांनी सोडलेली खवळलेली हवा मागे शेपटीकडच्या कापडावर आपटते आणि ते कापड अगदी खालच्या सुरात घुमू लागते. मागे बसणाऱ्याच्या डोक्याला ते जवळ असते. पुढे, इंजिनाच्या आवाजात, ते ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी मी एका मैत्रिणीला पुढे बसवून स्वतः मागे बसले आणि तेच करायला सांगितले. दार वर आले, शांतता पसरली, आणि मग मानेमागून, मीच इस्त्रीने ताणलेल्या त्या कापडातून, तो घुमारा आला. डफावर तळहात फिरवावा तसा. माझ्या अंगावर काटा आला.

त्यानंतर जुलैभर मी त्या उंचीवर जाऊन विमानाची नव्याने ओळख करून घेतली. वहीत लिहून ठेवले. दाराच्या चौकटीतून येणारी हवेची शीळ कधी विरते. आसनाखालचा भार कधी हलका होतो. रडरवर, म्हणजे शेपटीचे सुकाणू वळवणाऱ्या पायपट्टीवर, पाय किती लांब न्यावा लागतो. डाव्या पंखाच्या टोकाशी क्षितिज कुठे येते. एक माणूस बरोबर असताना, दोन्ही टाक्या भरलेल्या असताना, मागे सामान असताना, हे सगळे पुन्हा पुन्हा आणि प्रत्येक वेळी थोडे वेगळे. मला काही दिवस ती पाती खरवडून काढावीत असेही वाटले. त्यांना मी तसे म्हटले तेव्हा ते उलट नाराज झाले. चांगली वस्तू आहे, ठेव, असे म्हणाले. फक्त ती कशासाठी ठेवायची ते ठरव.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही पुन्हा कनिकवर गेलो. पाणी उतरलेले होते, पट्टा थोडा लांब झाला होता आणि त्याच्या वरच्या टोकाला पुराने आणून टाकलेला एक सबंध ओंडका आडवा पडला होता. एक फेरी वाऱ्यासाठी, एक सावल्यांसाठी, एक चाके टेकवून बघण्यासाठी. विलोची पाने पिवळी पडू लागली होती. शेवटच्या उतरणीत मी थ्रॉटल हळूहळू कमी केले, फ्लॅपचा दांडा वर ओढला, आणि डोळ्यांच्या उजव्या कडेने दार वर येताना पाहिले. तिथे मी हात थांबवला. पंखात अजून बाकी होते हे मला ठाऊक होते, किती बाकी होते तेही आता ठाऊक होते, आणि ते मी तसेच राहू दिले. टायर गोट्यांवर टेकले, दबले, ओळखीचा खडखडाट झाला आणि विमान ओंडक्याच्या बरेच अलीकडे उभे राहिले.

ते खाली उतरले, चाके टेकली तिथे गेले, वाकून वाळू पाहिली आणि पावले मोजत परत आले. "पंचाहत्तर," ते म्हणाले. खिशातून पेन्सिल काढून माझ्याकडे दिली, मी वहीत आकडा लिहिला, आणि ते दाराचा खालचा भाग कोपराने बाजूला सारून डब्यातला चहा शोधू लागले.